माळढोकाचा पंचनामा

या गोष्टीतला गट नंबर मी सांगणार नाही. निमगाव केतकीपासून किती किलोमीटर, कालव्याच्या कुठल्या अंगाला, हेही विचारू नका. बत्तीस वर्षं महसूल खात्यात घालवलेला माणूस गट नंबर लपवतोय, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते ओळखा.

मी इंदापूरला अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आणि बारामतीत भिगवण रोडला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. निवृत्तीनंतर माणसाची खुर्ची जाते, शिपाई जातो, पण आमच्या भागात 'भाऊसाहेब' काही जात नाही. वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे मला भाऊसाहेबच म्हणतात. एक बायको सोडली तर माझा मान सर्वत्र शाबूत होता. त्यात साखर वाढली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं.

शेजारचे कुंडलिकराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांना विचारलं नाही तरी ते सल्ला देतात, आणि विचारलं तर दोन देतात. ते म्हणाले, "भाऊसाहेब, नुसतं चालू नका. नुसता चालणारा माणूस चार दिसांत घरी बसतो. कशाच्या तरी मागं चाला." मी म्हटलं, कशाच्या मागं? त्यावर त्यांनी गॅलरीतून खाली बोट दाखवलं. खाली टोप्या घातलेली, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली दहा-बारा माणसं गुलमोहराकडे तोंडं वर करून उभी होती. "ही माणसं बगा. दर रविवारी चालत्यात, आन पोचत कुठंच न्हाईत," कुंडलिकराव म्हणाले. अशा रीतीनं मी रविवार पक्षी मंडळाचा सभासद झालो.

मंडळ चालवतात डॉक्टर ऋषिराज. दातांचे डॉक्टर आहेत. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला लावतात आणि रविवारी बंद ठेवायला लावतात. नोंदवही असते राजनंदिनीकडे. ही मुलगी एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत आहे. रोज शेकडो कॅन तपासून तिचा कुणावरच विश्वास उरलेला नाही. चिमणी दिसली म्हटलं तरी ती विचारते, "नर की मादी?"

पक्षी बघणं ही गोष्ट मला वाटली तितकी सोपी नव्हती. डॉक्टर कुजबुजत, "तो बघा, बाभळीच्या दुसऱ्या फांदीवर, डावीकडं." आता बाभळीची दुसरी फांदी कुठून मोजायची, याला काही नियम आहे का? मी मोजत असे तोवर पक्षी उडालेला असे आणि बाकीचे "वा वा" म्हणत असत. मीही "वा वा" म्हणे. अकरा रविवार मी असा काही न पाहताच खूश झालो. एकदा डाळजला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी तेवढे मला नीट दिसले, पण ते हजारभर होते, शिवाय गुलाबी. ते मोतीबिंदू झालेल्या माणसालाही दिसतात.

मार्च लागला. थंडीतले पाहुणे पक्षी परतीला लागले, भोरड्यांचे थवे पळसा-पांगाऱ्यावर गोंधळ घालून निघाले, आणि मंडळानं वसंत ऋतूची यादी करायला घेतली. यादी पाडव्याला बंद होणार होती. ज्याला जे दिसेल ते त्यानं ग्रुपवर कळवायचं. सगळे कळवत होते. मी सोडून.

अशात एका बुधवारी मी कांदे आणायला गेणबा तात्यांच्या वस्तीवर गेलो. तात्यांची आणि माझी ओळख जुनी. वारसनोंदीसाठी त्यांनी माझ्या टेबलासमोर जे हेलपाटे घातले, त्यातून ही मैत्री झाली. त्यांचा ऊस, डाळिंब, पानमळा सगळं कालव्याच्या खाली, आणि वरच्या अंगाला एक मुरमाड माळाचा तुकडा पडीक. तात्यांच्या बायकोनं, ठमाबाईंनी, चहा टाकला होता. मी सहज माळाकडे पाहिलं आणि पाहतच राहिलो.

माझ्या कमरेला लागेल एवढा पक्षी. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, पाठ मातकट. गावचा पाटील सकाळी बांधावरून फिरावा तसा तो तरवडाच्या झुडपांतून सावकाश चालला होता. पुस्तकातलं ते पान मी इतक्या वेळा उघडलं होतं की ते आपोआप तिथंच उघडायचं. माळढोक!

"तात्या, तो... तो..."

"त्यो व्हय?" गेणबा तात्या कांदे भरता भरता म्हणाले. "पाव्हणा हाय आमचा. तिसरं वरीस. उन्हाळा लागला की येतोय."

"लई गुणी हाय," ठमाबाई आतून म्हणाल्या. "कोंबड्यावानी उकिरडा उसकत न्हाय का काय न्हाय."

मी खिशातून मोबाईल काढला, चष्मा बदलला, बटण दाबलं. पाखरू झुडपाआड गेलं. फोटो उघडून पाहिला तर त्यात मीच होतो, तोंड उघडं टाकलेला. कॅमेरा उलट्या बाजूचा चालू होता. फोटो उत्तम आला होता, एवढंच समाधान.

तरी मी ग्रुपवर लिहिलं: 'आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माळढोक (नर) एक नग प्रत्यक्ष पाहिला.' मग डॉक्टरांचा संदेश आला, 'काका, लांडोर असेल.' त्याला सात जणांनी अंगठे दाखवले. राजनंदिनीनं लिहिलं, 'माळढोक आता दिसत नाहीत म्हणून तर एवढं रडणं चाललंय, काका. पुरावा?'

पुरावा! बत्तीस वर्षं मी हा शब्द टेबलाच्या अलीकडून उच्चारला होता. जिवंत माणसांकडून मी हयातीचे दाखले घेतले आहेत. पलीकडून तो शब्द ऐकायला कसा लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जेवण गेलं नाही.

"तुम्हाला दिसला ना? मग झालं की," आमची ही म्हणाली.

"नुसतं दिसून काय उपयोग? नोंद नको?"

"आपलं लग्न नोंदवलंय का तुम्ही? संसार झालाच ना?"

हे बोलणं मला अप्रस्तुत वाटलं. सकाळी कुंडलिकरावांना विचारलं, तर त्यांनी लगेच दोन सल्ले दिले. पहिला, पक्ष्याला दाणे टाकून सोसायटीपर्यंत आणावं. दुसरा, ग्रुप सोडावा. पहिला अव्यवहार्य होता आणि दुसरा अपमानास्पद. तेवढ्यात राजनंदिनीनं नियम कळवला: दुर्मीळ पक्ष्याला फोटो हवा, नाहीतर दोन साक्षीदार. माझा चेहरा उजळला. दोन साक्षीदार म्हणजे काय? दोन पंच! आणि दोन पंच म्हणजे काय, हे मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय.

शुक्रवारी मी कोरे कागद, कार्बन आणि शाईचं पॅड घेऊन वस्तीवर हजर झालो. गेणबा तात्या पंच क्रमांक एक, शेजारच्या बांधाचे झुंबरराव पंच क्रमांक दोन. ठमाबाईंच्या चुलीजवळ पोत्यावर बसून मी लिहायला घेतलं, आणि सांगतो, वर्षभरानं माझा हात मोकळा झाला. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, मौजे मजकूर येथील गट नंबर अमुक, यातील पडीक क्षेत्रात माळढोक जातीचा पक्षी, नर, अंदाजे वय माहीत नाही, हा गेली तीन वर्षे ये-जा करीत असून सदरहू पक्षी आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस कालवा, पश्चिमेस झुंबरराव यांची विहीर, उत्तरेस ओढा, दक्षिणेस वहिवाटीचा रस्ता. पंचनामा वाचून दाखविला, तो खरा व बरोबर आहे.' तात्यांनी सही केली, झुंबररावांनी अंगठा दिला. ठमाबाईंनी शेंगदाण्याचा लाडू दिला.

इथपर्यंत सगळं बरं होतं. पण सही झाल्यावर हात थांबेना. बत्तीस वर्षांची सवय. कागदाच्या तळाशी तो आपोआप लिहून गेला: 'प्रत माहितीसाठी सविनय सादर: १) मा. तहसीलदार २) मा. वनक्षेत्रपाल ३) गाव कामगार तलाठी.' पाठवायचा माझा काडीचा विचार नव्हता. कागदाला शेपूट नसलं की मला तो उघडा वाटतो, एवढंच. कार्बनची एक प्रत मी झुंबररावांनाही दिली, पंचाचा तो हक्कच आहे. बाकी कागद खिशात घालून मी आनंदात घरी आलो.

ग्रुपवर पंचनाम्याचा फोटो टाकला. यावेळी कॅमेरा सुलटा होता. गट नंबर मात्र मी बोटानं झाकला होता, कारण स्थळ आधी फुटलं तर दुसराच कुणीतरी जाऊन नाव कमवायचा. डॉक्टर म्हणाले, "काका, असा पुरावा मंडळाकडं आजवर आलेला नाही." हे कौतुक होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. राजनंदिनी म्हणाली, "साक्षीदारांशी समक्ष बोलावं लागेल." पाडवा बुधवारी होता. ठरलं: रविवारची फेरी गेणबा तात्यांच्या वस्तीवर. मी पुढच्या गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारी, रस्ता दाखवायला.

सकाळी सातला तीन गाड्या वस्तीवर उभ्या राहिल्या. मी उतरून हसलो, पण समोरून कुणी हसलं नाही. सगळी वाडी ओट्यावर बसली होती, पंचवीस-तीस माणसं. एका बाजूला झुंबररावांचा ट्रॅक्टर उभा होता, मागं नांगर लावलेला. मार्चात त्या मुरमाडात नांगराचं काय काम, असा विचार माझ्या मनात आला, पण मी तो पुढं नेला नाही.

"राम राम," डॉक्टर म्हणाले. "आम्ही पक्षी बघायला आलोय."

"पक्षी?" झुंबरराव म्हणाले. "हितं कशाला येतील पक्षी? पाणी न्हाय, काय न्हाय." त्यांच्या मागून कालवा काठोकाठ भरून वाहत होता.

"तुम्ही सही केलीय ना पंचनाम्यावर?" राजनंदिनीनं विचारलं.

"सही न्हाय, अंगठा. मला वाचाया कुठं येतंय? मला वाटलं कांद्याचं काय हाय."

"ही चिमणी बसलीय की खांबावर," डॉक्टर म्हणाले.

"ती घरची हाय."

राजनंदिनीनं पुस्तक काढून माळढोकाचं चित्र सगळ्यांपुढं फिरवलं. प्रत्येकानं ते नीट बघितलं, काहींनी दोनदा, आणि माना हलवल्या. बापजन्मात बघितला न्हाय. असलं पाखरू असतं का? ह्यो परदेशी दिसतोय. एक म्हातारी चित्र बघून "अगं बया, ह्यो तर..." एवढं म्हणाली, तोच कुणीतरी तिच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला.

शेवटी मी गेणबा तात्यांकडे वळलो. माणूस देवासारखा, खोटं बोलायचं नाही. "तात्या, तुम्ही तरी सांगा."

तात्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही. "भाऊसाहेब, माझी नजर आता कमी झालीया," ते म्हणाले.

तेरा माणसं माझ्याकडे बघत होती. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. ती सगळी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत होती. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दाढ काढण्यापूर्वी ठेवतात तसा, आणि म्हणाले, "असू दे काका, आलोच आहोत तर माळावर एक चक्कर मारू." मंडळ पुढं गेलं. मी तात्यांना गोठ्यामागं गाठलं.

"हे काय केलंत तात्या?"

"तुमी काय केलंत?" तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तहसीलदार, जंगलखातं, तलाठी! माझ्या चुलीम्होरं बसून, माझाच गट नंबर घालून! झुंबऱ्याच्या पोरानं वाचून दावला कागूद. सारी वाडी रात्रभर जागी हाय. त्ये पाखरू कागदावर आलं की अभयारन्य हुतंय म्हनं. सातबाऱ्यावर शेरा पडतोय. हीर खांदायची तर परवानगी, पाइप टाकायचा तर परवानगी."

"अहो, मी पाठवलाच नाही तो. सवयीनं लिहिलं."

"सवयीनं!" तात्या म्हणाले. याच सवयीनं मी त्यांना वारसनोंदीला नऊ वेळा परत पाठवलं होतं.

"आन आता ऐका," ते म्हणाले. "दोन वर्सं त्यो तुकडा मी नांगारला न्हाय. पोरं म्हनत्यात डाळिंब लावू, मी न्हाय म्हनतो. त्यो तितं बसतोय म्हनून. आता वाडी म्हनती, पाव्हना वहीत चढला तर आज दुपारीच तुकडा नांगरून, फटाकं लावून त्येला हाकलायचा. ट्रॅक्टर त्येच्यापायीच उभा हाय. मी काय बोलू त्यास्नी?"

कायदा काय म्हणतो ते मला ठाऊक आहे, मी कायद्याच्याच कचेरीत म्हातारा झालो. असा पक्षी दिसला तर कळवावं, हेच बरोबर. पण कळवल्याचा कागद कचेरीत कुठल्या ट्रेत किती महिने पडतो, हेही मला ठाऊक होतं. नांगर दुपारीच चालणार होता. मी खिशातून मूळ पंचनामा आणि उरलेली प्रत काढून ठमाबाईंच्या हातात दिली. त्यांनी दोन्ही कागद न वाचता चुलीत सारले.

"वहीत काय लिवत्यात त्ये बगू मग," तात्या म्हणाले.

माळावर मंडळ धाविक आणि चंडोल बघण्यात रमलं होतं. डॉक्टरांनी तिपाईवर नवी मोठी दुर्बीण लावली होती. अमेरिकेतल्या मेहुण्याकडून मागवलेली, तिला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. आज मात्र दयेपोटी म्हणाले, "काका, बघा तुम्ही पहिल्यांदा."

मी डोळा लावला. वाकडंतिकडं गवत, मग तरवडाची पिवळी फुलं, मग फुलांच्या मागं पांढरी मान. काळी टोपी. तो थेट माझ्याकडे बघत होता. इतका जवळ की डोळ्याची पिवळी कड दिसत होती. नुसत्या डोळ्यांनी तिथं झुडपाशिवाय काही दिसलं नसतं. ती दुर्बीण ज्याच्या डोळ्याला, त्यालाच तो दिसणार होता, आणि माझ्या मागं राजनंदिनी वही उघडून रांगेत उभी होती.

माझं मन काय म्हणत होतं ते सांगतो. ओरड, म्हणत होतं. अकरा रविवार, सात अंगठे, लांडोर असेल काका! एकदा बाजूला हो आणि दाखव सगळ्यांना. मी खरोखरच तोंड उघडलं.

"काय दिसतंय काका?" राजनंदिनीनं विचारलं.

खाली वस्तीवर झुंबरराव ट्रॅक्टरवर चढून बसले होते आणि वर बघत होते.

"लांडोर," मी म्हणालो.

"मी म्हटलंच होतं," डॉक्टर म्हणाले. सगळे मनापासून हसले. राजनंदिनी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "बघू," आणि पुढं सरकली. तिचा लांडोरीवरही विश्वास नव्हता. मग मला दुसरा उपाय उरला नाही. मागं सरकताना माझा पाय तिपाईत अडकला. म्हणजे मी तो अडकवला. मेहुण्याची दुर्बीण मुरमावर आडवी झाली आणि आत काहीतरी बारीक वाजलं.

पुढची दहा मिनिटं मी वर्णन करणार नाही. डॉक्टर दुर्बीण कानाशी धरून हलवत होते आणि प्रत्येक वेळी आत खुळखुळ होत होती. दुसरं कुणीतरी म्हणालं, "काकांना पुढच्या वेळी गाडीतच बसवू." राजनंदिनीनं वहीत सगळ्यांदेखत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: 'माळढोक, नोंद रद्द. निरीक्षकाची चूक.' वारा खाली वाहत होता, वस्तीवर ते नीट ऐकू गेलं असावं. मी त्याखाली सही केली. आयुष्यात मी हजारो कागदांवर सह्या केल्या, पण माझ्याच चुकीवर पहिल्यांदाच.

मंडळ निमगावला नाश्त्याला निघालं. मी म्हटलं, मला तात्यांकडे काम आहे, एसटीनं येईन. चला म्हणून कुणी आग्रह केला नाही. गाड्यांची धूळ खाली बसली. झुंबररावांनी ट्रॅक्टर सुरू केला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग वळवून रस्त्याला लावला. वाडी एकेक करून उठली. म्हातारी जाताना मला म्हणाली, "बरं केलं बाबा."

मला बरं वाटत नव्हतं. मी बांधावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं गेणबा तात्या आले आणि एक हात अंतर सोडून बसले. ऊन चढू लागलं होतं.

मग तरवडाच्या मागून तो बाहेर आला. मोकळ्या माळावर, आमच्यापासून शंभर पावलांवर, गळ्याखालची पिसं फुगवून उभा राहिला. तसा उभा राहिलेला तो पुस्तकातसुद्धा नव्हता. मग मान ताठ करून न नांगरलेल्या तुकड्यातून सावकाश चालू लागला.

"भाऊसाहेब," तात्या म्हणाले, "काय दिसतंय का?"

"न्हाय."

"मला बी न्हाय."

तात्या ते हातभर अंतर सोडून माझ्याजवळ सरकले. तो ओढ्यात उतरून नजरेआड होईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.